नाव न दिसणारं उत्तर

भिंतीवरच्या पडद्यावर मोनालीचं नाव पुन्हा सगळ्यात वर गेलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. सुयशनंही वाजवल्या. बायको पहिली आल्यावर नवऱ्यानं हात बांधून बसणं बरं दिसत नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याचं स्वतःचं नाव पार तळाला होतं, ताईबाईंच्याही खाली. आणि ताईबाई तर साठीच्या, कामगारांची मेस चालवणाऱ्या.

बारामती एमआयडीसीतल्या या रविवारच्या इंग्रजीच्या वर्गाला मोनालीला त्यानंच आणलं होतं. दुधाच्या प्लांटमध्ये सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी हवं, आणि या वयात एकट्यानं बाकावर जाऊन बसायची लाज वाटते, म्हणून सोबतीला. सोबत राहिली बाजूलाच. सार्थक सरांनी पडद्यावर प्रश्न टाकायचा अवकाश, हिचा अंगठा मोबाइलवरच्या उत्तरावर पडलेला असायचा. वर सर म्हणायचे, "मोनालीताई, एकदम फास्ट." त्या 'ताई'नं सुयशचं समाधान होत नव्हतं. सरांचं वय कोवळं, शर्ट इस्त्रीचा आणि आवाज गोड. तिन्हींचा त्याला राग येत होता.

"आता गुणांचा खेळ बास," सर म्हणाले. "पुढच्या उत्तराला नाव दिसणार नाही. मलासुद्धा नाही. कुणाला तरी सांगायचं राहून गेलंय, असं एक वाक्य इंग्रजीत लिहा. चुकलं तरी चालेल."

वर्ग मोबाइलवर वाकला. सुयशनं प्लांटमधल्या साहेबांना उद्देशून चार शब्द खरडले आणि तो मोकळा झाला. मग त्याची मान आपसूक डावीकडं वळली. मोनालीनं मोबाइल पदराआड घेतला.

"काय लिहितीस?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"लिहू तर द्या."

"मला दाखवायला काय हुतंय?"

तो थोडा सरकला, तशी तीही सरकली. मग बाक संपला.

पडद्यावर एकेक उत्तर उमटू लागलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण अर्थ लागत होता. साहेब, जरा हळू बोला. पोरी, मी पण शिकतेय. भाऊ, माझा तुझ्यावर राग नाही. वर्ग गप्प होऊन वाचत होता. सुयश मात्र प्रत्येक ओळीत बायकोला शोधत होता. आजची आमटी तिनं केलीय की आईनं, हे तो पहिल्या घासाला सांगायचा. इथं तिचं एक वाक्य त्याला ओळखता येईना.

मग ते आलं. 'युवर व्हॉइस इज व्हेरी स्वीट.'

मागं कुणीतरी हसलं. सर किंचित लाजले आणि "छान," म्हणाले, त्याच गोड आवाजात. सुयशच्या अंगाची लाही लाही झाली. हेच. हिचंच. त्याच्या आवाजाला तिनं कधी गोड म्हटलं नव्हतं. पुढं सरांनी काय शिकवलं, त्याच्या कानावर पडलं नाही.

वर्ग सुटल्यावर तो गाडीपाशी किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिला. काय विचारायचं आणि कसं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात ताईबाई मोनालीजवळ आल्या.

"माझं बरुबर आलं का गं? ते आवाजाचं?"

"तुमचं हुतं ते?" मोनाली हसली.

"व्हय. आमचे हे सकाळी वंदना म्हणत्यात. इतकी वर्सं ऐकतीय, कधी बोलले न्हाय. आता घरी जाऊन दाखवते."

सुयशचा जीव भांड्यात पडला. तो इतका खूश झाला, की ताईबाईंना मेसपर्यंत सोडतो म्हणाला. गाडीवर मोनालीही बसणार आहे, हे त्याला त्यांनीच दाखवून दिलं.

त्या गेल्या आणि तो लाडात आला. "मग तुझं कुठलं हुतं?"

"माझं नव्हतंच त्यात."

"म्हंजे?"

"लिहिलंच न्हाय. तुमी बघत हुता."

किल्ली त्याच्या बोटातच थांबली. "मलाच लिहिणार हुतीस?"

"व्हय."

"मग आता सांग की. हितं कोण हाय ऐकायला?"

मोनालीनं पदर खोचला. "तुमी म्होरं बघून गाडी चालवा. मग सांगते."

ती मागं बसली आणि घराकडं, कळंबच्या वाटेला गाडी लागली. सुयश शहाण्यासारखा पुढं बघत होता. मागं बघायचं नाही, असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलंही. भवानीनगर मागं पडलं. दोन्ही अंगांना ऊस होता आणि रस्ता मोकळा होता. मागून मोनालीनं घसा खाकरल्याचा आवाज आला.

"सुयश," ती म्हणाली. एरवी ती 'अहो' म्हणायची. इंग्रजीत बोलायचं म्हणून तिनं नाव घेतलं होतं. "सुयश, आय..."

ती बोलत असताना उसाला तिचा चेहरा दिसतोय, रस्त्याला दिसतोय, आणि आपल्यालाच तेवढा नाही, हे त्याला सोसेना. त्यानं हात लांबवला आणि गाडीचा आरसा तिच्या तोंडाकडं फिरवला.

आरशात दोघांची नजर भेटली. मोनालीनं तोंड मिटलं आणि ती उसाकडं बघू लागली.