राजपुत्राची शिवण

"हलू नकोस. सुई छातीत जाईल."

सारेतबाई दातांत दोरा धरून बोलल्या. चान्थूने श्वास आवरला. राजपुत्राचा पोशाख अंगावरच शिवायचा असतो. बाह्या झाल्या होत्या, पाठ झाली होती, आता छातीवरची शिवण चालू होती. एकदा शिवलं की नाच संपेपर्यंत खाणं नाही, पाणी नाही, मोरीत जाणंही नाही.

"राजपुत्रा, पोट आत घे रे," समोरच्या आरशातून दानी म्हणाली. नाचात ती राजकन्या होती, चान्थू राजपुत्र. "सकाळी किती पेज ढोसलीस? लग्न माझ्याशी आहे तुझं."

मुली हसल्या. चान्थू हसली नाही. तिला पोटाची काळजी नव्हती. मखमलीच्या आत तिने छातीला कापडाचा पट्टा करकचून बांधला होता, आणि तो दुपारपासून दुखत होता.

विद्यापीठाच्या नाट्य-नृत्याच्या हंगामातली ही शेवटची संध्याकाळ. आजचा नाच बघून सारेतबाई पथकात कोणाला घ्यायचं ते ठरवणार होत्या. चान्थू मधलं वर्षभर नव्हती. वडील आजारी आहेत, असं तिने सांगितलं होतं. वडील ठणठणीत होते. तिचं लग्न झालंय हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, नवरा थायलंडला बांधकामावर गेलाय हेही. इथे राजधानीत, नॉम पेन्हमध्ये मात्र कोणालाच काही ठाऊक नव्हतं. कारण बाई एकदा एका मुलीबद्दल म्हणाल्या होत्या, "आई झाली की राजपुत्राची छाती राहत नाही. तिला आता म्हाताऱ्या राणीचं काम द्या."

पडदा बाजूला झाला.

दारात आई उभी होती. प्रवासाने चुरगळलेला झगा, पायांवर धूळ, आणि चौकड्यांच्या क्राम्यात, त्या सुती पंचात, छातीशी बांधलेली तान्ही निमोल, झोपलेली.

"अगंबाई, हीच का तू?" आई हरखून म्हणाली. "ओळखलंच नाही गं. म्हटलं, पोरीचा नाच आहे, आपणही बघावा."

येऊ नकोस, असं चान्थूने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. थेट नव्हतं सांगितलं. फार उकडतं, गाडीत गर्दी असते, बाळाला त्रास होईल, असं सांगितलं होतं.

"कित्ती गोड!" दानी उठून आली. "कोणाचं बाळ?"

बाईंची सुई थांबली नव्हती. चान्थूला ती टोचत नव्हती, तरी तसं वाटलं.

"ताईचं," ती म्हणाली.

चान्थूला ताई नव्हती.

आईने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवेल एवढाच. मग ती क्राम्यात वाकली आणि निजलेल्या बाळाला म्हणाली, "बघ गं, किती छान दिसते तुझी मावशी. चल, मावशीचं काम चाललंय. आपण बाहेर बसू."

पडदा खाली पडला. चान्थू आरशात बघत राहिली. पांढऱ्या रंगाने लिंपलेला चेहरा कोरा होता. रंगाचं हे एक बरं असतं.

बाहेर सनईवाल्याने सूर लावला. तो कर्कश आवाज बोळातून घुमला आणि त्यामागोमाग निमोल रडायला लागली. आधी दचकून, मग भुकेने. भुकेचं रडणं वेगळं असतं, ते चान्थूला कोणी शिकवलं नव्हतं. तिने डोळे मिटून पहिल्या प्रवेशाची पावलं मोजायला घेतली. उजवा पाय, मान, बोटं मागे. रडणं वाढलं. उजवा पाय. उजवा पाय.

सारेतबाईंची सुई थांबली.

हिरव्या मखमलीवर, मण्यांच्या नक्षीखाली, एक गडद डाग उमटला होता. बघता बघता तो मोठा झाला. दुसऱ्या बाजूलाही एक आला. बाईंनी बोटं उचलून पाहिली. ओली होती.

खोलीत कोणी हसलं नाही. दानीसुद्धा नाही.

"मावशीला पान्हा फुटत नाही, चान्थू," बाई म्हणाल्या.

चान्थूला वाटलं, रंग असूनही चेहरा दिसतोय सगळ्यांना. "बाई, सांगितलं असतं तर तुम्ही मला काढलं असतं."

बाईंनी टेबलावरची कात्री हातात घेतली.

"काढलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी छातीवरची शिवण वरपासून खालपर्यंत कापली आणि आतल्या पट्ट्याची गाठ सोडली. "जा. आधी तिला पाज. मी परत शिवते. नाच थांबेल जरा."

चान्थू पडद्याबाहेर धावली. उसवलेल्या पोशाखाचे दोन्ही पदर तिने मुठीत धरले होते. मागे दाराशी दानी आणि सगळ्या मुली येऊन उभ्या राहिल्या.

बोळाच्या टोकाला, सामानाच्या पेटीवर आई बसली होती. निमोलला खांद्यावर घेऊन थोपटत होती. चान्थू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने हात पुढे केले.

निमोलने तो पांढरा चेहरा पाहिला, काळ्या रेघांच्या भुवया पाहिल्या. ती किंचाळली आणि आजीच्या मानेत तोंड खुपसून बसली.

आईने वर पाहिलं. तिला पोरीचा उसवलेला पोशाख दिसला नाही, ओले डाग दिसले नाहीत. तिला फक्त मागे दाराशी उभ्या असलेल्या मुली दिसल्या. तिने घाईघाईने बाळाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"घाबरू नकोस गं, बाळा. मावशीच आहे ती."