किल्ल्यांचा ताबा

औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या पुढच्या नर्सच्या हातात दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हा आमचा नियम. दोनला माझी ड्यूटी संपली, अडीच वाजले, तरी दुपारच्या नर्सचा, वॉर्डात वयाने सगळ्यांत लहान म्हणून आमच्या 'धाकटी'चा, पत्ता नाही. तीनला दुसऱ्या इस्पितळात माझी मुलाखत होती. पगार दीडपट, पेशंट निम्मे. "मुलाखतीला जायचंय, उद्या लवकर ये गं," असं कालच तिला विश्वासात घेऊन, इस्पितळाच्या नावासकट सांगितलं होतं. "निघू का सिस्टर?" मी इन्चार्जबाईंना विचारलं. "आणि तीस पेशंट कुणाच्या गळ्यात मारू?" त्या उसळल्या. घामेजलेल्या मुठीत किल्ल्या रुतत होत्या. पावणेचारला धाकटी धापा टाकत आली, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून मीही तिथे जाऊन आले. एकच जागा होती, मलाच मिळाली!" तिने किल्ल्यांसाठी हात पुढे केला. "द्या की ताई, मूठ उघडा."