चौथ्याचे पत्ते

इंदिरा नगरच्या क्वार्टरमध्ये रविवारी दुपारी आम्ही चिंचोके लावून पोकर खेळायला बसलो. हा खेळ घरात आमच्या यांनीच आणलेला. पावसाळ्यात ते पुराच्या सर्व्हेला गेले, घाघरा नदीत नाव उलटली, बाकीचे सापडले, हे नाही. आता खेळायला मामाजी म्हणजे माझे सासरे, धाकटे भाऊजी आणि मी असे आम्ही तिघंच, तरी मामाजींनी सवयीनं चौघांना पत्ते वाटले. चौथे पाच पत्ते यांच्या रिकाम्या पाटासमोर पालथे पडले. भाऊजी उचलायला वाकले. "राहू दे, नंदू," मामाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "सूनबाई, पुढच्या रविवारी त्याच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवू, मागचे विधी उरकू. त्याच्या फोटोला फ्रेम करून आणलीय." मी माझे पत्ते उलगडले. हातात चार बदाम होते, उरलेला पत्ता बदलून पाचवा हवा होता. मांडीवर आमची लेक चिमी बसली होती. "भाऊजी, बदाम यायची शक्यता किती?" भाऊजींनी बोटांवर मोजलं. "तुम्हाला न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस, त्यात बदाम नऊ. पाचात एक धरा, वहिनी." "यांच्यासमोरचे पाच वगळायचे ना?" "छे. उलटून बघितला नाही तोवर कुठलाच पत्ता गेला असं धरायचं नाही. दादाच ओरडायचा ना यावरून..." चिमीनं त्या पालथ्या पत्त्यांकडे हात नेला. "ये पापा के हैं? देखूँ?" मी तिची मूठ धरली. "नको, बाळा. पापाच बघतील." मामाजी उठले. नवी फ्रेम त्यांनी परत कागदात गुंडाळली, आणि पुढचा डावही चौघांचाच वाटला.