चोरून नेलेली वेल

दाराबाहेर कुणीतरी मनीप्लांट तोडत होतं. सुमेधाने कडेवरच्या आर्याला गप्प केलं आणि दाराच्या आय-होलला डोळा लावला. समोरच्या फ्लॅटमधली म्हातारी होती. तिने वेलीचं टोक खुडलं, पण लगेच गेली नाही. उभी राहिली. घसा खाकरला, पायाने पायपुसणं सरळ केलं आणि मग सावकाश आपल्या घरात शिरली.

सुमेधाला बरं वाटलं. चंदनसारच्या या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून पहिल्यांदाच तिचं कुणीतरी ऐकलं होतं.

विरारच्या परसबाग मंडळात तिने नाव घातलं होतं, ते काही झाडांच्या हौसेने नव्हे. उन्हाळ्यात आर्याला तापात झटका आला होता. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा कधी आला तर एकटीने धावपळ करू नका, शेजारी कुणाला तरी हाक मारा. नवरा, कौस्तुभ, पहाटे मुंबईला जायचा आणि पोरगी झोपल्यावर यायचा. घरी फोन नव्हता; कनेक्शनसाठी नंबर लावला होता, तो अजून आला नव्हता. आणि शेजारी हाक मारायची तर कुणाच्या नावाने? मंडळाचं काम घेतलं तर निदान लोकांच्या बेल वाजवता येतील, असा तिचा विचार.

श्रावणात मंडळाच्या बायका आपापल्या बिल्डिंगमध्ये सांगत फिरायच्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. वाढलेल्या फांद्या छाटा. फांदी रुजायला हेच दिवस, तेव्हा एकमेकांकडून मागून न्या, लावा. सुमेधाने सगळं पाठ केलं होतं. साखळी लावलेल्या दारांच्या फटींतून उत्तरं आली. "आम्हाला काही घ्यायचं नाहीये." "साहेब घरात नाहीत." समोरच्या दारात रविवारी म्हातारीची सून आली होती. "आमच्याकडे एकसुद्धा कुंडी नाही हो," ती म्हणाली आणि दार लागलं.

आणि आता त्याच घरातून कुणीतरी फांदी न्यायला आलं होतं.

मंडळाच्या बैठकीत तिने हे सांगितलं तेव्हा ज्ञानदाताई हसल्या. "मनीप्लांट मागून नाही न्यायचं बाई, चोरूनच न्यायचं. मालकिणीने पाहिलं की ते लागत नाही. तू मध्येच दार उघडून घोळ घालू नकोस."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"माझा नाही. म्हातारीचा असणार. उगाच लाजवशील तिला. वेल लागली की येईल आपणहून सांगायला."

सुमेधाला ते पटलं. म्हातारी पुन्हा आली तेव्हा तिने टीव्हीचा आवाज बारीक केला, आर्याच्या हातातला खुळखुळा काढून घेतला. घरात कुणी आहे हे कळायलाच नको. म्हातारी अशी येतच राहिली. लागत नसेल बिचारीची, सुमेधाला वाटे. कुंडीखाली ताटली राहिली असेल, पाणी फार होत असेल. जाऊन सांगावंसं वाटे. मग तिने लांब वाढलेल्या वेली समोरच्या दाराकडे वळवून ठेवल्या, म्हणजे वाकावं तरी लागणार नाही.

एका दुपारी आर्याचं अंग तापलं. सुमेधा ओल्या पट्ट्या ठेवत होती. डोळे पोरीच्या पापण्यांवर, हातापायांवर. एवढ्यात बाहेर पानं हलली. ती पोरीला घेऊन दाराशी आली. कडीवर हात गेला. एक हाक मारली की झालं. पण फांदी नुकतीच तुटली होती. एवढं जपत आणलेलं आता कशाला मोडायचं, म्हणून तिने हात मागे घेतला. पलीकडे म्हातारी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती. अलीकडे सुमेधा पोरीचा श्वास ऐकत उभी. संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

गणपती झाले आणि एका सकाळी म्हातारी पिशवी घेऊन बाहेर आली. दाराला कुलूप लावलं. वेलीकडे तिने पाहिलंही नाही. आता बिघडण्यासारखं काही नव्हतं. सुमेधाने दार उघडलं.

"गावाला निघालात का आजी?"

म्हातारी दचकली. मग तिने आर्याच्या गालाला बोट लावलं. "निर्मळला. आमच्या केळीच्या वाडीवर. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, मी इथे भिंतींशी किती बोलू? आता तिकडेच राहीन. ही बोलते का गं?"

"बोलते दोन-चार शब्द." सुमेधा हसली. एवढ्या दिवसांचं साठलेलं एकदम ओठांवर आलं. "वेल लागली का तुमची? मी बघत होते रोज. मुद्दामच दार उघडलं नाही. चोरून नेलेलीच लागते म्हणतात ना."

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"मला वेल कशाला गं? अख्खी वाडी आहे माझी." तिने पिशवी उचलली आणि जिन्याचा कठडा धरला. "काही काम नसताना तुझी बेल कशी वाजवू? म्हटलं, भांडायला तरी दार उघडशील."