मान जरा खाली

प्रवेश लेकीचा होता, पण शाळेत मुलाखत आईबापांची होती. "तुम्ही नुसतं हसायचं. सलूनचं नावसुद्धा काढायचं नाही," बायकोने न्हाव्याला घरीच बजावलं होतं. तिने एकटीने खिंड लढवली. मुख्याध्यापक खूश झाले आणि अर्जावर सही करायला वाकले. नेमका तेव्हाच न्हाव्याला त्यांचा डावा कल्ला उजव्याहून वर गेलेला दिसला. त्याचा हात आपोआप त्यांच्या डोक्यावर टेकला आणि तोंडातून निघून गेलं, "मान जरा खाली, साहेब." साहेबांनीही जन्मभराच्या सवयीने मुकाट मान खाली घातली. बायकोने डोळे मिटून घेतले. चार वर्षांच्या लेकीने खुर्चीवर चढून टेबलावरची बक्षिसाची चकचकीत ढाल आरशासारखी साहेबांच्या मानेमागे धरली. "बघून घ्या काका, मागून जमलंय ना?" न्हाव्याला तिला ओरडताही येईना. कुणी न शिकवता पोरीने कोन अचूक साधला होता. साहेबांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.