रुंद पट्ट्याचं घड्याळ

१९६७ साली माझा थोरला भाऊ गेला आणि दोनच महिन्यांत वहिनीला शाळेत नोकरी लागली. घड्याळ घ्यायला आम्ही दोघी मिरजेच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने सोनेरी साखळीचं नाजूक घड्याळ पुढे केलं. वहिनी म्हणाली, “स्वस्तातलंच द्या, पण पट्टा काळा आणि रुंद हवा.”

“ते पुरुषांचं असतं, ताई. भावासाठी घेताय का?”

“नाही, मलाच.”

घरी आई कडाडली, “नवरा जाऊन वर्षही झालं नाही आणि हात सजवतेस? काढ ते, नाहीतर शाळा बंद.”

वहिनीने पट्टा सोडला. दहाव्याला आईनेच तिच्या बांगड्या दगडाने फोडल्या होत्या. काच घुसलेल्या जागेचे व्रण अजून लाल होते. आई बघत राहिली. मग तिने स्वतःच पट्टा पुन्हा बांधला. “असू दे. मुलं विचारतील,” एवढंच म्हणाली.

मी लग्न होऊन बेळगावला गेले. वहिनी आई-वडिलांजवळच राहिली, दुसरं लग्न न करता निवृत्तीपर्यंत शिकवत राहिली. माझे वडील वारले तेव्हा बायका दगड घेऊन आल्या. वहिनीने त्यांना दाराबाहेर थांबवलं आणि साबण लावून आईच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या.