तळघरातलं पिंप

"बाबा, झाकण उघडायचं नाही."

ऊर्मिला सासरे भास्करराव आणि पिंप यांच्या मधे उभी राहिली. पिंप वीस लिटरचं, पांढऱ्या प्लास्टिकचं. जर्मनीतल्या नेकारसुल्म गावी, त्यांच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या शेजारी तिने ते न लपवता ठेवलं होतं. आत तिची बिअर होती. घरी केलेली तिसरी खेप. पहिली आंबट झाली, दुसरीचं पाणी झालं. ही तर तीन दिवस गप्प होती. झाकणावरच्या नळीत एकही बुडबुडा नव्हता.

भास्करराव तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते. दारूबंदी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. ओढ्याकाठची हातभट्टी वासावर हुडकायचे. निवृत्तीच्या समारंभात हातभट्टीचं दोन लाख लिटर रसायन नष्ट केल्याचा उल्लेख झाला आणि साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. तांबडी, लोकरीची. जर्मनीत उतरल्यापासून ती त्यांच्या अंगावरच होती. आज सकाळी ते धुतलेले कपडे वाळत घालायला खाली आले आणि जिन्यातच थबकले. वास लपला नव्हता.

"ऊर्मी, ओतून टाक ना," जिन्यावरून तिचा नवरा पुष्कर म्हणाला. "बाबा परत गेले की कर पुन्हा. मी आधीच सांगितलं होतं, झाकून ठेव म्हणून."

"मी चोरी करत नाहीये." ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, स्वतःपुरती करायला इथे परवाना लागत नाही. लागत असता तर काढला असता. तुम्ही हे ओतलंत, तर मी उद्या पुन्हा लावीन. उद्याचं ओतलंत, तर परवा."

भास्कररावांनी हात पुढे केला. ती हलली नाही. त्यांनी तिच्या बाजूने वाकून तळवा पिंपाला लावला. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं, तसा.

"किती दिवस झाले?"

"तीन."

"गारठलंय."

"बिअरला थंडीच लागते ना?"

"पिताना. होताना नाही. जिवंत पिंप हाताला कोमट लागतं."

ऊर्मिलाने खिशातून यीस्टचं रिकामं पाकीट काढलं. अठरा ते बावीस अंश, असं मागे बारीक अक्षरांत छापलं होतं. केलर बाराच्या वर कधी जात नव्हतं.

"पौषात भट्टीवाले पिंपांना गोणपाट गुंडाळायचे," भास्करराव म्हणाले. "झुडपात गोणपाट दिसलं की आम्ही समजायचो, माल जिवंत आहे. मग कुऱ्हाड चालवायची."

"कुऱ्हाड आणू का मग?" पुष्करने हसून बघितलं.

"गोणपाट आण."

पुष्करचं हसू गेलं. "गोणपाट? बाबा, इथे कुठलं गोणपाट! आणि आज रविवार. एक दुकान उघडं नसेल."

 भास्कररावांनी खांद्यावरची शाल काढली, पिंपाला दोन वेढे दिले आणि घट्ट गाठ मारली.